डावा ब्रेक

१

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की लोक लग्नांना जातात, मी गाडीखाली जातो. बोदवडच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. तोंडावर सगळे लीलाधर सर म्हणतात आणि पाठीमागे 'पाना मास्तर' म्हणतात. हे मला ठाऊक आहे, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. स्कूटर होती तेव्हा स्कूटर उघडायचो, आता मारुती आहे तर मारुती. गॅरेजमध्ये गाडी सोडून यायला माझं मन होत नाही. तिथे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा कारभार. त्यापेक्षा आपला हात जगन्नाथ.

मारुती याच हिवाळ्यात घेतली, जुनी, धुळ्याच्या अभिमन आबांकडून. सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, माहेरकडचे ते लांबचे नातेवाईक. गाडी पत्र्याच्या शेडखाली गोणपाटाने झाकून ठेवली होती. रंग शाबूत, इंजिन गोड. चावी हातात देताना आबा एवढंच म्हणाले, "डावा ब्रेक जरासा धरस. धरू द्या त्याले."

मी मान डोलावली आणि मनात हसलो. ब्रेक धरतो म्हणजे आपण पाय उचलला तरी चाक पूर्ण मोकळं होत नाही. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. लोखंडाच्या थाळीला दोन्हीकडून पॅड चिमटा घेतात आणि तो चिमटा चालवणारा पिस्टन गंजला की तो मागे सरत नाही. सातवीतल्या पोरालाही समजेल असा दोष. तो 'धरू द्या' म्हणजे दातात अडकलेलं राहू द्या म्हणण्यासारखं होतं.

धुळ्याहून येताना एरंडोलला गाडी थांबवून चाकाला हात लावला तर चटका बसला. पूर्ण रस्ता गाडी डावीकडे ओढत होती, तिला पुढे जायचंच नसल्यासारखी.

२

पुष्पाचं लग्न त्याच्या आधीच, दिवाळीनंतर झालं. आमची एकुलती एक. भडगावला दिली, जावई रुपचंद बी-बियाण्याचं दुकान चालवतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ही आमच्याकडे लेकींची दिवाळी. झोके, गाणी, आमरस, सांजोऱ्या. त्यातही लग्नानंतरची पहिली आखाजी. माहेरून मुऱ्हाळी जातो आणि लेकीला मानाने घेऊन येतो. पुष्पाला भाऊ नाही, तेव्हा मुऱ्हाळी मीच. काळ्या-पिवळ्या जीपच्या मागे लोंबकळत माझी लेक माहेरी येणार नाही, आपल्या गाडीत पुढे बसून येईल, हे मी सुमनला लग्नाच्या मांडवातच सांगून बसलो होतो. गाडी घेण्याचं खरं कारण तेच. म्हणून आखाजीच्या आधी पुढचे दोन्ही ब्रेक उघडून, धुऊन, नव्या रबरांनी भरायचं ठरवलं. जळगावहून किट आणलं.

आधी गाडी आतून झाडली. रबरी चटया उन्हात टाकायला काढल्या. ड्रायव्हरच्या बाजूची चटई होती तशी धड होती. डाव्या सीटपुढच्या चटईला मात्र हाताचा पंजा जाईल एवढं भोक पडलेलं होतं. त्याखालचा रंग गेला होता, पत्रा चकाकत होता आणि किंचित खोल गेला होता.

मी सुमनला बोलावून दाखवलं. भित्रा माणूस शेजारी बसला की समोर ट्रक दिसताच उजवा पाय जमिनीवर दाबतो. तिथे ब्रेक नसतो, तरी दाबतो. सुमन स्वतः दाबते आणि वर मलाच शिकवते. मी तिला म्हटलं, बघ, तुझ्या माहेरची माणसं किती शूर. ती हसली नाही. खाली वाकून तिने पत्र्यावर बोट फिरवलं. म्हणाली, एवढं घासायला माणूस रोज बसायला पाहिजे, आणि आबांची गाडी तर शेडमध्येच उभी असायची.

कोणी तरी बसत असेल उन्हाचं, मी म्हटलं. शेडमध्ये सावली असते.

३

गाडी अंगणात ओट्याकडे तोंड करून उभी केली. आमचं घर धाब्याचं, मातीच्या सपाट छपराचं. पुढे ओटा, त्यापुढे अंगण आणि मग फाटक. पुढची बाजू जॅकवर उचलून खाली दगड लावले आणि चाकं काढली.

उजवा ब्रेक अपेक्षेप्रमाणे निघाला. पॅड बऱ्यापैकी जाड, पिस्टनवर थोडा तांबूस गंज. बारीक पॉलिश पेपर मारला, ब्रेक ऑइलने धुतला, नवं रबर बसवलं. मग डावा उघडला.

डावे पॅड संपलेले होते. मसाला नव्हताच, लोखंड थाळीला घासत होतं. हेही अपेक्षितच, कारण दोष इथेच. पण पिस्टन बाहेर काढला तर तो आरशासारखा. गंजाचा ठिपका नाही. बोटाने ढकलला की आत जाई, ओढला की बाहेर येई. हा अडकत नव्हता. अडकू शकतच नव्हता.

मी पाटावर बसून विचार केला. पिस्टन मोकळा असूनही चाक धरलं जात असेल तर रबरी नळी आतून फुगलेली असणार. मग तेल जातं पण परत येत नाही. नळी काढून तोंडाने फुंकली. दोन्हीकडून हवा सरळ गेली. मग एकच राहिलं. ब्रेक धरत होता कारण कोणी तरी तो दाबत होतं. पण पॅडल दाबलं तर दोन्ही चाकांना सारखाच दाब जातो. पास्कलचा नियम तेच सांगतो आणि तो मारुतीलाही लागू आहे. एकटं डावं चाक कोणी कसं दाबेल?

नवी रबरं, नवे पॅड टाकले. पिस्टन एवढा चांगला होता की धुवायलाही हात धजेना, तरी धुतला. डोक्यात प्रश्न राहिला. पण समजलं नाही तरी दुरुस्त होतं, हा आयुष्याचा अनुभव आहे.

४

शेवटचं काम हवा काढण्याचं. त्याला दोन माणसं लागतात. एक चाकाशी बसून बोळीला, म्हणजे ब्रेकमधली हवा सोडायच्या बारीक तोंडाला, नळी लावतो, नळी बाटलीत सोडतो आणि बोळी उघडतो, बंद करतो. दुसरा आत बसून पॅडल दाबतो. चाकाशी बसणाऱ्याला आतला माणूस दिसत नाही, म्हणून सगळं बोलून करायचं असतं. मी म्हणायचं दाब, आतून उत्तर यायचं दाबला. मी म्हणायचं धर, आतून धरला. तेल बुडबुड्यांसह निघून गेलं की बोळी बंद करायची आणि मग सोड. ती बंद व्हायच्या आत सोडलं तर हवा परत आत शिरते. त्यामुळे शब्द महत्त्वाचा.

आमच्या घरात या शब्दांवरून जुना तंटा आहे. सुमन धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी. एरवी माझ्यासारखं बोलते, पण कामात असली की तिचं माहेर तोंडात येतं. मी 'दाब' म्हटलं की ती म्हणते 'दाबा'. तिच्या बोलीत त्याचा अर्थ, मी दाबला. माझ्या कानाला तो हुकूम वाटतो. 'सोड' म्हटलं की 'सोडा'. म्हणजे सोडला. मी दर वेळी म्हणतो की पाना माझ्या हातात आणि हुकूम तुझा. ती म्हणते, मास्तर, तुम्हाला ऐकायला येत नाही.

दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. उजव्या चाकाचं काम असं बोलत-बोलत झालं. "दाब." "दाबा." "धर." "धरा." "सोड." "सोडा." नळीतलं तेल स्वच्छ यायला लागलं तेव्हा मी म्हटलं आता डाव्या बाजूला जातो, आणि बाटली, पाना, गोणपाट घेऊन पलीकडे गेलो. मडगार्डमध्ये डोकं घातलं.

"दाब."

"दाबा."

"धर."

"धरा."

काम झकास चाललं होतं. सुमनचा आवाज उन्हाने बसल्यासारखा वाटला, पण तो अगदी डोक्यावर, कानाशी येत होता. तेलातून मोठे बुडबुडे निघाले, मग बारीक, मग संपले. मी बोळी घट्ट आवळली.

"सोड."

उत्तर आलं नाही. मी पुन्हा म्हटलं.

"सोडू का?" आतून विचारलं.

असं तिने आधी कधी विचारलं नव्हतं. घामाने डोळे चुरचुरत होते, मी वैतागलो. "अगं सोड की. बंद केलंय मी."

एक लांब श्वास ऐकू आला. डोक्यावरची भरलेली घागर खाली ठेवताना बाई सोडते तसा. सीटची स्प्रिंग वाजली.

"सोडा."

५

मी उठून गुडघे झटकले. ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नव्हतं. डाव्या सीटवरही नव्हतं. दोन्ही दारं बंद होती.

मी हाक मारली. उत्तर वरून आलं, धाब्यावरून. सुमन पदर डोक्यावर घेऊन वाळत घातलेल्या बिबड्या, ज्वारीचे पापड, उलटत होती. मी डाव्या बाजूला जातो म्हणालो तेव्हाच ती वर गेली होती. जाते म्हणून तिने सांगितलंही होतं. मला वाटलं तुम्ही हत्यारं आवराल, मग हाक माराल, असं ती म्हणाली.

मी बाटली बघितली. अर्धी भरली होती. पॅडल कोणी न दाबता तेल एवढं आलं असेल तर ते आपल्या भाराने ओघळून आलं असणार. वरची टाकी उंच, चाक खाली. होतं असं, पुस्तकात आहे. आणि आवाज? भर उन्हात तासभर डोकं खाली घालून बसलं की कानात रक्त वाजतं. एकच शब्द इतक्या वेळा म्हटला की तो आपोआप परत येतो.

हे सगळं मी सुमनला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, शेवटी काय म्हणाली ती?

"सोडा," मी म्हटलं.

"माझ्या बोलीतला की तुमच्यातला?"

तिच्या बोलीत 'सोडा' म्हणजे काम झालं. माझ्या बोलीत ती विनंती होते, मला सोडा. आणि मी काय म्हणालो होतो? सोड की.

मला भीती वाटली, हे सरळ सांगतो. पण ब्रेक चोख झाले होते. पॅडल कडक, चाक हाताने फिरवलं तर भिंगरीसारखं फिरे. आणि आखाजी तोंडावर आली होती.

६

मी एकटाच भडगावला निघालो. गाडी हलकी झाली होती. डावीकडे ओढणं बंद. जामनेर, पाचोरा कधी मागे गेलं कळलं नाही. एवढी हलकी की ॲक्सिलरेटरवरचा पाय मलाच सारखा उचलावा लागत होता. चांगलं काम झालं की असंच वाटतं, असं मी स्वतःला सांगितलं.

व्याह्यांच्या दारासमोर जमीन सपाट आहे. मी हँडब्रेक ओढला आणि सवयीने चाकाखाली दगड लावला. गाडीपुढे गुरांना पाणी पाजायची दगडी कुंडी होती, बैलगाडी आरामात वळेल एवढ्या अंतरावर. चहापाणी झालं, आहेर झाला, पुष्पाने सासूच्या पाया पडून घेतलं. बाहेर येऊन बघतो तर गाडीचं नाक कुंडीला टेकत आलेलं.

हँडब्रेक ओढलेलाच होता. दगड चाकाखाली होता, चाक दगडाला टेकलेलं होतं. धुळीत टायरची रेघ फक्त मागे होती, मी आलो तेवढीच. गाडी जागची हललेली नव्हती. मग कुंडी जवळ आली का? रुपचंद सामान ठेवता-ठेवता म्हणाला, नाना, फार पुढे लावली तुम्ही गाडी. मी हो म्हटलं.

पुष्पाला मी मागे बसायला सांगितलं. का ते सांगितलं नाही, सांगण्यासारखं काय होतं? पण मागे आंब्याची करंडी आणि पापडांचे डबे होते, शिवाय मागे बसलं की तिला मळमळतं, लहानपणापासून. आणि पुढे बसून येशील असं मीच तिला कबूल केलं होतं. नवी पिवळी साडी सावरत ती हसत पुढे बसली.

७

पाचोऱ्यापर्यंत ती खूप बोलली. सासू कशी, दुकान कसं, रुपचंद झोपेत कसा बियाण्यांचे भाव सांगतो. मला बरं वाटत होतं. लेक सुखात होती.

पाचोरा मागे पडल्यावर तिचं बोलणं थांबलं. मी बघितलं तर चप्पल निघाली होती आणि उजवा पाय त्या चकाकणाऱ्या पत्र्यावर होता. अंगठा पांढराफटक पडलेला. मी चिडवायला गेलो, आईची लेक शोभतेस म्हणून. ती समोर बघत होती.

"नाना, ती बाई बाजूला का होत नाही?"

रस्ता रिकामा होता. दोन्हीकडे कापसाची उघडी रानं, लांबवर बाभळी. मी विचारलं, कोणती बाई?

"पुढं उभी आहे ती. पाठमोरी." थोड्या वेळाने म्हणाली, "हीच साडी नेसली आहे, माझी."

मी हॉर्नवर हात ठेवला. काही तरी वाजावं, एवढ्यासाठी.

"वाजवू नका," पुष्पा म्हणाली. "वळेल ती."

मी गाडी थांबवली. ब्रेक लोण्यासारखा लागला, माझंच काम. इंजिन बंद केलं आणि शिकवताना बोलतो तसं सावकाश म्हटलं की बघ, गाडी उभी आहे, आता पाय उचल. ती नाही म्हणाली. गाडी तुमच्यामुळे उभी नाही, मी दाबलंय म्हणून आहे, असं म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. मी परत गाडी सुरू केली, कारण त्या उन्हात रस्त्यावर उभं राहून काय करणार होतो? घरी जावं, आईला बघितलं की पोर शांत होईल. बोदवडपर्यंत तिने पाय उचलला नाही.

८

सुमन ओट्यावर भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. लेकीवरून ओवाळून टाकायचा आणि आत घ्यायची. मी गाडी अंगणात घेतली, ओट्यापासून बाज टाकता येईल एवढी जागा ठेवून थांबवली. उतरून पुष्पाचं दार उघडलं. ती उतरली नाही.

"ती ओट्यावर चढली," पुष्पा हळूच म्हणाली. "आईच्या शेजारी."

ओट्यावर सुमन एकटी होती. ती हसत होती, तिला अजून काही माहीत नव्हतं.

मी परत आत जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. चावी काढलेली, हँडब्रेक ओढलेला. वर्गात पोरांना ज्या आवाजात दटावतो त्या आवाजात मी म्हटलं, "पुष्पा, पाय उचल." ती आज्ञाधारक मुलगी आहे. तिने उचलला.

खडी दबल्याचा आवाज आला, मोठ्या रस्त्यावर येतो तसा. गाडी हलली नाही. माझा हात स्टिअरिंगवर होता, ते थरथरलं नाही. सुमनही हलली नाही. फक्त ती मोठी झाली. काचेतून तिचा चेहरा, मग नथ, मग नथीतला मोती स्पष्ट दिसायला लागला. आमच्यातलं अंगण कमी होत होतं. आणि सुमनच्या खांद्यामागे, अर्धवट उघड्या दाराच्या अंधारात, मला एक पाठ दिसली. पिवळी साडी, ओली वेणी.

पुष्पाने पाय आपटला. आवाज थांबला. सुमनच्या हातातला तांब्या ओट्यावर गडगडत गेला. बाज टाकायची जागा उरली नव्हती. आडवा माणूस कसाबसा निघेल एवढीच फट होती.

९

चाकं काढली. गाडी विटांवर ठेवली. मागून दोरखंडाने फाटकाच्या खांबाला बांधली. या सगळ्या वेळात पुष्पा आत बसून होती. आखाजीला गल्लीतल्या पोरी झोक्यावर गात होत्या आणि सुमन खिडकीतून लेकीला आमरस भरवत होती. संध्याकाळी पुष्पाची मान डुलायला लागली तेव्हा सुमन तिच्या मांडीला मांडी लावून त्याच सीटवर घुसली. तिच्या पायावर आपला पाय ठेवला. "आता काढ," म्हणाली. पुष्पाने खालून पाय अलगद काढून घेतला. खडी वाजली नाही. तेव्हापासून पाळी अशीच बदलते, पायावर पाय.

मी धुळ्याला जाऊन आलो. अभिमन आबा अंगणातच भेटले. पाणी घेऊन आलेली त्यांची बायको उजव्या पायाने लंगडत होती. आबाही लंगडतात, हे गाडी घेताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "उघाडा का?" ब्रेक उघडला का, असं. मी हो म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे, कीव आल्यासारखे.

"आते बठा," म्हणाले.

बसायला त्यांनी खुर्ची दिली नव्हती. मी परत आलो.

गाडी कोणाच्या तरी गळ्यात मारावी, हेही मनात आलं. पण जो नेईल त्याच्या घरीही कोणाची तरी लेक असेल. मोडीत काढायची तर आधी पाय उचलावा लागेल, आणि ती मोडेपर्यंत अंगण पुरणार नाही.

रुपचंद न्यायला आला. भला पोरगा आहे. आम्ही त्याला सांगितलं नाही, सांगता आलं नाही. पाळी सुमनने घेतली आणि मी लेकीला एस.टी.त बसवून दिलं. वाटलं, ती तरी सुटेल. संध्याकाळी तो तिला परत घेऊन आला. एस.टी.च्या फळीवर ती पाय दाबून बसली होती. कंडक्टरने बाजूला सरकवलं तर अशी ओरडली की सगळी गाडी उभी राहिली. ती बाई रस्त्यातच उभी होती, म्हणे. रुपचंदने पिशवी ओट्यावर ठेवली, पाणीही न घेता निघाला. फाटकापाशी थांबून म्हणाला, बरं वाटलं की कळवा. त्यानंतर त्याचा निरोप नाही. त्याच्या घरी दुसरी मुलगी बघायला लागलेत, असं कानावर आलं. पुष्पाला आम्ही ते सांगितलेलं नाही. तिला कळलेलं आहे.

१०

हे लिहितोय तेव्हा पाळी माझी आहे. दुपार आहे. शाळा लवकरच उघडेल, मग माझ्या वाट्याची पाळी कोण घेणार, याचं उत्तर घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. सुमनला ताप आहे, ती आत पडली आहे. डुलकीत तिचा पाय एकदा घसरला, मग माझाही एकदा. आता गाडीचं नाक आणि ओटा यांच्यामध्ये हात घातला तर मनगटाशी अडकतो.

पुष्पा ओट्यावर झोपली आहे. आत उकडतं आणि ओट्यावर थोडी झुळूक येते. मी तिला सांगितलं की आज उठू नकोस, पुरती झोप घे, तुझी पाळी मीच काढतो. बापाला तेवढं तरी करता यावं. रात्री तिने रडून सांगितलं की मला परत भडगावला जायचंय, नाना. मी हो म्हणालो. पोरीशी खोटं बोलायचं नाही असं मी जन्मभर पाळलं होतं.

मघाशी मी दोन ओळी लिहायला मान खाली घातली. वर बघितलं तर ओट्यावर ती उठून बसलेली. माझ्याकडे पाठ आहे. पिवळी साडी, वेणी ओली. पुष्पाने आज न्हाऊन घेतलं का, मला आठवत नाही. अंथरुणावर अजून कोणी निजलेलं आहे का, ते ओट्याच्या कडेमुळे इथून दिसत नाही. हाक मारली तर ती वळेल. पुष्पा असली तर पुष्पाच वळेल.

सुमनला हाक मारायला हवी, तीही मारत नाही. पाय केव्हाचा बधिर झाला आहे. तो दाबलेला आहे की सुटला आहे, मला कळत नाही.